आधी काकडं घे, बाय

शेवळांचे पैसे मी कधी उधार ठेवले नाहीत. समोर मांडलेला वाटा उचलला, सांगितला तो भाव दिला, फार तर सुट्ट्या पैशांसाठी दोन मिनिटं थांबले. तरीही आसनगावच्या मावशींचं देणं माझ्या अंगावर आहे आणि ते वर्षागणिक वाढत गेलेलं आहे. भाजी विकत मिळत होती. पण ती ओळखायची कशी, निवडायची कशी, तिची खाज आणि कडवटपणा घालवायचा कसा, हे सगळं त्या वर फुकट देत होत्या. पैसे झाले ते भाजीचे. बाकीच्याचा हिशोब कधी झालाच नाही.

मी बार्शीकडची. आमच्याकडे पालेभाजी म्हणजे मेथी, चुका, करडई, हरभऱ्याचा कोवळा पाला, आणि पावसाळ्यात बांधावर आपसूक उगवणारी घोळ, पाथरी, तांदुळजा. ज्वारीच्या भाकरीशी हे सगळं खाऊन वाढलेली मी लग्न होऊन ठाण्यात आले ती सीकेपी घरात. मृगाचा पाऊस पडला की त्या घराला शेवळांचे वेध लागायचे. सोडे घालायचे की कोळंबी, यावर दोन-दोन दिवस खल चालायचा. सासूबाईंचे गुडघे तेव्हाच दुखायला लागले होते. त्या म्हणाल्या, "करायची कशी ते मी सांगेन, पण आणायची तुला. मला आता तो पूल चढवत नाही."

स्टेशनच्या बाहेर, पुलाच्या पायथ्याशी, कसाऱ्याकडून येणाऱ्या सकाळच्या लोकलनं उतरलेल्या बायका रांगेनं बसायच्या. पुढ्यात गोणपाट, त्यावर पळसाच्या पानांवर मांडलेले वाटे. त्यातला निम्मा माल मी जन्मात पाहिलेला नव्हता. शेवळं तर नाहीच. वीतभर लांबीचा, टोकदार, तपकिरी-जांभळट कोंब. ना पान, ना फांदी. पहिल्या पावसाबरोबर जमिनीतल्या कंदातून हा फुलोराच आधी वर येतो, पानं मागाहून फुटतात. मी जुडी हातात घेतली आणि भाव विचारला. समोरच्या बाईंनी, म्हणजे याच मावशींनी, भाव सांगायच्या आधी मला नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "आधी काकडं घे, बाय. नुसती शेवळं नेशील तं घरच्यांचा घसा धरंल."

मग त्यांनी त्यांच्याच वाट्यातलं एक शेवळ उचललं. वरचं जून आवरण सोलून टाकलं. आतला दांडा उभा चिरला, बुडाशी असलेला पिवळा, दाणेदार भाग अंगठ्याच्या नखानं कापून बाजूला काढला आणि मला दाखवला. "ह्यो घरात न्यायचा नाय. खाज ह्याच्यात." राहिलेला दांडा बोटांत फिरवत, कुठपर्यंत कोवळा आणि कुठून पुढे जून, ते नखानं खूण करून दाखवलं. काकडं म्हणजे हिरवी, गोल, आंबट फळं. ती ठेचायची, पाण्यात कोळून रस काढायचा आणि त्या आंबट पाण्यात चिरलेली शेवळं शिजवायची. काकडं नाहीच मिळाली तर चिंच, पण हात आखडता घ्यायचा नाही. तेलालाही नाही. खाज उठवणारे बारीक स्फटिक या वनस्पतीत असतात आणि त्यावर आंबट हाच उतारा, हे मी पुस्तकात पुष्कळ नंतर वाचलं. मावशींच्या रानात ते कुणीतरी स्वतःच्या घशावर प्रयोग करून केव्हाच शोधून ठेवलेलं होतं.

दाखवण्यासाठी चिरलेलं शेवळ त्यांनी माझ्या जुडीवर ठेवलं. त्याचे पैसे घेतले नाहीत.

पुढची कितीतरी वर्षं माझा पावसाळा त्या गोणपाटावरून पुढे सरकत गेला. शेवळं संपत आली की टाकळा यायचा, अगदी कोवळा, वरची चार पानं. मग कुर्डू. मग फोडशी, दिसायला कांद्याच्या पातीसारखी, पण पांढऱ्या बुडातला कडक दांडा काढून टाकायचा, नाहीतर दाताखाली येतो. आषाढात भारंगीची दातेरी पानं. ती चिरून उकडायची, कडू पाणी टाकून द्यायचं, घट्ट पिळायची आणि भिजवलेल्या वालांबरोबर, लसणीच्या फोडणीत परतायची. मग बांबूचे कोंब, पातळ चकत्या करून पाण्यात ठेवायचे आणि ते पाणी बदलत राहायचं. करटोली यायला लागली की श्रावण जवळ आला. करटोलीच्या वेलात नर वेगळा, मादी वेगळी, मावशी म्हणायच्या, "एक नुसता फुलतो, दुसरा फळतो. पन फुलनारा तोडला तं फळनाराबी वांझ." वनस्पतिशास्त्राचा हा धडा मला पुलाच्या पायथ्याशी, छत्रीतून पाणी ठिबकत असताना मिळाला.

त्यांचे काही नेम होते. शेवळं खुडायची ती जमिनीच्या वरून, कंदाला धक्का न लावता. "कंद उपटला तं पुढच्या साली काय इकू, दगड?" फोडशीच्या जागेवरची सगळी एका फेरीत आणायची नाही. करटोलीचे दोन-चार वेल पिकायला सोडायचे. यातलं काही त्यांना कुणी कायदा म्हणून सांगितलेलं नव्हतं. कायदा पुढे आला. २००६ च्या वनहक्क कायद्यानं कंदमुळांपासून मधापर्यंतचं गौण वनउपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क रानातल्या माणसांना कागदावर दिला. त्याआधी त्याच रानातून भरलेली पाटी खाली आणताना कुणी हटकेल, अशी धास्ती घेऊन या बायका पहाटे निघायच्या, हेही त्यांच्याच तोंडून ऐकलेलं.

एकदा मी कौतुकानं म्हटलं, "मावशी, तुमची मजा आहे. रोज ताजी रानभाजी." त्या हसल्या. "रोज तीच खाल्ली की मजा न्हाई राहात, बाय." आषाढ-श्रावण म्हणजे त्यांच्याकडची ओढगस्त. कणगीतली नागली, वरई संपत आलेली, भात अजून शेतात उभा. तेव्हा रान हेच पोटाला आधार. पूर्वी हे सगळं घरच्या खाण्यासाठीच आणलं जायचं. शहरात त्याला गिऱ्हाईक आहे हे कळल्यावर खुडलेल्यातली चांगली जुडी ठाण्याला आणि उरलेली चुलीवर, अशी वाटणी झाली. शेवळांच्या पैशांतून परतताना तांदूळ घ्यायचा. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणानं मुलं दगावली होती, त्या बातम्या मी कॉलेजात असताना वाचल्या होत्या. पण भाजीच्या वाट्याकडे बघताना ते कधी आठवलं नव्हतं. आमच्या ताटातली हौस ही त्यांच्या घरातल्या टंचाईच्या दिवसांतली कमाई होती.

सासूबाईंची एक जाड वही होती. पाककृतीची म्हणायची, पण खरं तर ती नात्यांची वही. कृतीच्या वर जिन्नसाचं नुसतं नाव कधी नसायचं. "माईंचं निनावं", "वन्संचं लिंबाचं लोणचं", "शेजारच्या काकूंच्या चकल्या" असं असायचं. ज्यानं दिलं त्याचं नाव लिहिल्याशिवाय कृती उतरवायची नाही, हा त्यांचा दंडक. मी त्या वहीत पहिली भर घातली ती "आसनगावच्या मावशींची भारंगी". सासूबाईंनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाल्या, "बरोबर." मावशी अशा त्या घराच्या वहीत आल्या आणि माझ्या सासरच्या गोतावळ्यात, निनाव्याच्या आणि लोणच्याच्या ओळीत बसल्या.

२६ जुलै २००५ चा मंगळवार मुंबई-ठाण्यातलं कुणी विसरलेलं नाही. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. लोकल दुपारीच कोलमडल्या. नवरा ऑफिसात अडकला, फोन लागत नव्हते. संध्याकाळी दारावर थाप पडली. मावशी आणि त्यांच्याबरोबरची एक बाई, दोघी चिंब, पाट्या डोक्यावर. घर त्यांना ठाऊक होतं. सासूबाईंना बरं नसलं की त्या कधीमधी भाजी वर आणून देत. "जिन्यात बसू का रातच्याला?" एवढंच त्यांनी विचारलं. सासूबाई आतून ओरडल्या, "जिन्यात कशाला, आत या!"

तोवर वीज गेली होती. खालचं दुकान पाण्यात होतं. आमच्या मजल्यावर कुणाकडे दूध नव्हतं, कुणाकडे भाजी. मावशींच्या पाट्यांत मात्र त्या दिवसाचा जवळजवळ सगळा माल तसाच होता. फोडशी, कुर्डू, भारंगी. त्यांनी स्वयंपाकघरात फरशीवर पाट्या उलट्या केल्या. मेणबत्तीच्या उजेडात आम्ही निवडायला बसलो. शेजारच्या बायका डोकावल्या, त्याही बसल्या. एक गुजराती वहिनी, एक तमिळ मामी, एरवी "ती जंगलातली भाजी" म्हणून नाक मुरडणाऱ्या आमच्या समोरच्या काकू. मावशी सगळ्यांना दाखवत होत्या, कुठलं देठ ठेवायचं, कुठलं टाकायचं. त्यांच्याबरोबरची बाई तांदळाच्या पिठाच्या भाकरी हातावर थापत होती; ओट्याची उंची तिला जमेना, म्हणून गॅसची शेगडी खाली घेतली. त्या रात्री मजल्यावरची सगळी घरं आमच्या स्वयंपाकघरात जेवली. भारंगी जरा कडूच राहिली होती, पिळायला घाई झाली म्हणून. मामींनी ती दोनदा मागून घेतली.

लोकल दुसऱ्या दिवशीही धड सुरू नव्हत्या. पाणी ओसरल्यावर दोघी निघाल्या. मिळेल त्या वाहनानं, नाहीतर चालत. सासूबाईंनी पैसे पुढे केले, मजल्यावरच्यांनी मिळून जमवलेले. मावशींनी हात मागे घेतला. म्हणाल्या, "इकली असती तं घेतले असते. ही तं आपन खाल्ली."

रात्री आसरा दिला, असं शेजारीपाजारी आमचं कौतुक करत राहिले. सासूबाई मात्र कुणी तसं म्हटलं की थांबवायच्या. "आसरा आम्ही दिला, जेवण त्यांनी घातलं," असं स्पष्ट सांगायच्या. विकणं आणि मिळून खाणं यांच्यामध्ये मावशींनी सरळ रेघ ओढली होती आणि त्या रेघेच्या आत आम्हाला घेतलं होतं. तेव्हापासून माझ्या लेखी त्या भाजीवाल्या राहिल्या नाहीत.

सासूबाई गेल्या तेव्हा मावशी भेटायला आल्या. नेमकी शेवळांचीच वेळ होती. जुडी आणि वर काकडं, दारात ठेवली. "आजींना आवडायची," म्हणाल्या आणि पाणी पिऊन निघाल्या.

मग त्यांचं येणं विरळ झालं. वय झालं होतं. लोकलच्या गर्दीत पाटी घेऊन चढणं तरण्यांनाही जड जातं. त्यात २०१७ च्या सप्टेंबरमध्ये एल्फिन्स्टनच्या पुलावर चेंगराचेंगरीत माणसं मेली आणि त्यानंतर उच्च न्यायालयाच्या आदेशानं रेल्वे स्टेशनपासून १५० मीटरांच्या आत फेरीवाल्यांना मज्जाव झाला. आमच्या स्टेशनच्या पुलाचा पायथाही मोकळा झाला. तो व्हायलाच हवा होता. त्या पुलावरून मीही जीव मुठीत धरून उतरलेली आहे. पण पावसाळ्यातले दोन-तीन महिनेच येणारी बाई, पहाटे खुडलेलं दुपारच्या आत विकून परतीची गाडी गाठणारी, १५० मीटर पलीकडे कुणाच्या नजरेला पडणार? गिऱ्हाईक स्टेशनातून उतरतं आणि रिक्षात बसतं. पथविक्रेत्यांचा कायदा २०१४ सालीच झालेला आहे. पण अशा हंगामी पाटीवालीला त्यातलं प्रमाणपत्र मिळवून कोण देणार! रांग पांगली. मावशी कुठे गेल्या ते मला कुणी सांगू शकलं नाही.

गेल्या पावसाळ्यात शहापूरकडे रानभाजी महोत्सव असल्याचं कळलं. ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास कृषी विभाग आणि कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापनाची 'आत्मा' यंत्रणा मिळून ठिकठिकाणी असे एक-दोन दिवसांचे बाजार भरवतात. आसनगावला उतरायचं म्हणून मी मुद्दाम लोकलनं गेले. शहापूर तालुका म्हणजे तानसा आणि भातसा धरणांचा तालुका. मुंबई तिथलं पाणी पिते आणि त्याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. ज्यांच्याकडून घेतलं त्यांच्याकडे वळून न बघण्याची शहराची खोड भाजीपुरती नाही.

सभागृहात टेबलं मांडलेली. प्रत्येक टेबलावर बचत गटाचा फलक, पांढरं कापड, टोपल्यांतून भाज्या आणि समोर लॅमिनेशन केलेलं कार्ड. भारंगीच्या कार्डावर 'क्लेरोडेंड्रम सेरॅटम' असं शास्त्रीय नाव आणि खाली औषधी उपयोग. एका बाजूला पाककृती स्पर्धा, तिथे कुर्डूचे पराठे, करटोलीची भरली भाजी, नागलीच्या भाकरी, वरईचा भात. दुसऱ्या बाजूला गावरान बियाणं, वाल, मोहाची सुकवलेली फुलं, मध. बायकांना बसायला खुर्ची होती, डोक्यावर पंखा होता, भाव त्यांचा त्यांनी लिहिलेला होता आणि पटापट माल जात होता. मला मनापासून बरं वाटलं. जमिनीवर गोणपाट पसरून, कुणी उठवेल म्हणून एक डोळा रस्त्यावर ठेवून विकणं मी बघितलेलं आहे. त्यापुढे ही खुर्ची लहान गोष्ट नाही.

मुंबईहून आलेल्या एका जोडप्यानं भारंगीची जुडी उचलून विचारलं, "हे ऑरगॅनिक आहे ना?"

टेबलामागची मुलगी विशीतली असेल. म्हणाली, "आमी पेरलीच नाय, तं फवारू कशाला?" आणि त्यांनी पैसे काढायच्या आधी सांगायला लागली, "आधी उकडा. पानी टाका. घट्ट पिळा, घाई नका करू. वाल हायेत का घरी? नसतील तं बाजूच्या टेबलावरून घ्या." ती सांगत होती आणि तिची बोटं पानं उलटी करून जून कुठलं, कोवळं कुठलं ते दाखवत होती. दाखवलेली पानं तिनं जुडीत परत घातली आणि वर आणखी चार टाकली.

जोडपं गेल्यावर मी तिला मावशींबद्दल विचारलं. माझ्याकडे नाव नव्हतं, गाव नव्हतं. स्टेशन तेवढं होतं. आसनगावहून ठाण्याला यायच्या, कपाळावर गोंदलेलं, आवाज खणखणीत. ती हसून म्हणाली, "गोंदलेल्या तं आमच्या समद्याच म्हाताऱ्या. आनि आसनगावलाच चढायच्या समद्या." मग मी कार्डाकडे बोट करून म्हटलं, "यावर झाडाचं नाव आहे, औषधी गुण आहेत. ज्यांनी हे शोधलं, ज्या हे करतात, त्यांचंही नाव हवं. निदान, ही कृती अमक्या बाईची, असं."

तिला माझं म्हणणं गमतीचं वाटलं. "कुनाचं लिहायचं? आयनं शिकवलं, आयला तिच्या आयनं. आमच्याकडं समद्याच बाया अशीच करतात."

सासूबाईंच्या वहीचा दंडक घेऊन मी तिथे गेले होते: ज्यानं दिलं त्याचं नाव. या मुलीच्या लेखी देणारं कुणी एक नव्हतंच. शेवळांची खाज, भारंगीचा कडूपणा, करटोलीचा नर-मादी वेल ही कुण्या एकीची मिळकत नव्हती, म्हणून ते सांगताना कुणी हात आखडता घेत नव्हतं, उलट वर चार पानं टाकली जात होती. मावशींनी मला जे दिलं ते त्यांचं एकटीचं नव्हतंच. सगळ्या डोंगराच्या वतीनं त्यांनी ते दिलं होतं. माझ्या वहीतलं "आसनगावच्या मावशी" हे नाव, त्या दृष्टीनं, मला वाटलं होतं त्याहून नेमकं निघालं. आसनगावला गाडी धरणाऱ्या सगळ्याच त्यात आल्या.

मी तिच्याकडून भारंगी घेतली, वाल घेतले, करटोली घेतली. भाव केला नाही. मावशींशीही करत नसे. निघताना तिनं विचारलं, "येता येईल का पुढच्या साली?" मी म्हटलं, "महोत्सवाची वाट नको बघायला लावू. जूनमध्ये शेवळं कुठे विकता ते सांग." तिनं गटाचा नंबर दिला. आमच्या इमारतीच्या आवारात शनिवारी सकाळी बसता येईल का, याचं सोसायटीत बोलणं सुरू केलं आहे. समोरच्या काकूंची मुलगी आता कमिटीवर आहे. २६ जुलैच्या त्या रात्री ती शाळकरी होती. कडू भारंगी नको म्हणून रडली होती. पहिला होकार तिचाच आला.

त्यानं देणं फिटेल असं मी मानत नाही. ऋण एका माणसाचं असेल तर ते माणूस गेल्यावर आपण हळहळत बसतो आणि त्या हळहळीतच सुटका करून घेतो. हे तसं नाही. मावशी भेटल्या नाहीत म्हणून माझं देणं थकत नाही. पावसाळ्यात पाटी घेऊन बसलेली कुठलीही बाई ते वसूल करायला पात्र आहे. तिला भाव विचारावा, तो द्यावा, आणि ती कसं करायचं ते सांगायला लागली की घाई आहे म्हणून पुढे न जाता तिथे उभं राहून ऐकून घ्यावं.